बसमधल्या त्या दोघांचे आभार

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या चौकटीचं) सामान घेऊन बाणस्तारीहून फोंड्याला येताना बसमध्ये मी फोनवर भावाशी कुरकुरत होतो. घरच्या वायफायवर एकही साइट उघडत नव्हती, ब्राउझर म्हणे ‘सर्व्हर सापडला नाही’. राउटर चारदा बंद-चालू करून झाला होता. ब्राउझरही नवा टाकला. (तो बिचारा निर्दोष होता.)

मागच्या सीटवरच्या मुलीने विचारलं, “काका, मोबाइल डेटावर चालतं?” चालत होतं. “मग लॅपटॉपवरून ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला, पिंग करून बघा, नुसती हाक मारायची. उत्तर आलं तर लाइन ठीक, बिघाड नावं शोधण्यात.” साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधायचं काम डीएनएसचं, आणि घरात ते काम बहुतेकदा राउटरमार्फतच होतं, हे तिने नारळाच्या पिशवीवरून वाकून समजावलं. तिच्या शेजारच्या मुलाने बसच्या तिकिटामागे लिहून दिलं: ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ (राउटरचं सेटिंगचं पान) उघडा, डीएचसीपीमध्ये (राउटर घरातल्या यंत्रांना पत्ते देतो त्या भागात) डीएनएस १.१.१.१ आणि ८.८.८.८ घाला, मग वायफाय तोडून परत जोडा. पासवर्ड राउटरखालच्या स्टिकरवर असेल. होता, धुळीखाली.

पिंगला उत्तर आलं. आकडे बदलले, दोन मिनिटांत सगळं सुरू! रात्री दुबईच्या लेकीने व्हिडिओवर माटोळी बांधताना पाहिली.

तुम्ही कुर्टीला उतरलात, नावं विचारायची राहिली. देव बरें करूं. तिकीट अजून राउटरला चिकटवलेलं आहे.