टेपचे २.६ मीटर आणि मायक्रोफोनचे ४.३ मीटर : एक जाहीर आभारपत्र

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

माझ्या होम थिएटरचा आवाज जुळवायला आपण मदत केलीत, पण फोनवर मला आभार मानू दिले नाहीत. ‘त्यात काय एवढे’ म्हणून विषय बदललात. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे, आणि माझ्या चुकाही त्यात मोकळेपणाने सांगत आहे, कारण आपल्या कितीतरी संध्याकाळी त्या चुका निस्तरण्यातच गेल्या.

सुरुवात टेपपासून झाली. रिसिव्हरमधल्या (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या यंत्रातल्या) रूम करेक्शनने, म्हणजे मायक्रोफोनने खोलीतला आवाज मोजून तो जुळवणाऱ्या सोयीने, मोजमाप केल्यावर सबवूफरचे, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरचे, अंतर ४.३ मीटर दाखवले. पडद्याशेजारचा तो सबवूफर माझ्या सोफ्यापासून टेपने २.६ मीटर भरत होता. यंत्राचेच चुकले, अशी खात्री बाळगून मी तो आकडा ‘दुरुस्त’ केला आणि त्या दिवसापासून ८० हर्ट्झच्या आसपासचा आवाज, म्हणजे ड्रमच्या ठोक्यातला सगळा दणका, नाहीसा झाला. आपण फक्त एवढेच विचारलेत, की हे अंतर फुटपट्टीचे आहे की वेळेचे. सबवूफरच्या आतले फिल्टर आणि अॅम्प्लिफायर आवाज थोडा उशिरा बाहेर सोडतात आणि मायक्रोफोन तो उशीर अंतर म्हणूनच मोजतो, हे मला त्यानंतर कळले. मी खोडलेले १.७ मीटर म्हणजे सुमारे ५ मिलिसेकंद. ८० हर्ट्झची एक पूर्ण लहर १२.५ मिलिसेकंदांची. म्हणजे समोरचे स्पीकर आणि सबवूफर नेमक्या क्रॉसओव्हरवर, म्हणजे जिथे एकाचे काम संपून दुसऱ्याचे सुरू होते तिथेच, जवळजवळ उलट दिशेने ढकलत होते आणि एकमेकांना पुसून टाकत होते. ४.३ परत टाकल्याबरोबर तो दणका परत आला. एवढ्या एका आकड्यासाठी मी आठवडाभर केबल तपासत बसलो होतो.

दुसरी चूक अधिक महाग पडली असती. रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि कॅलिब्रेशन फाइलसह (मायक्रोफोनच्या स्वतःच्या चुका वजा करणाऱ्या) येणारा मोजमापाचा मायक्रोफोन वापरायला आपणच सुचवलेत. पहिल्याच स्वीपमध्ये, म्हणजे खालपासून वरपर्यंत सरकत जाणाऱ्या सुराच्या मोजमापात, ३४ हर्ट्झला खोल दरी आणि ६९ हर्ट्झच्या जवळ मोठा फुगवटा दिसला. दरी दिसली की ती भरायची, या सरळ हिशोबाने मी तिथे ९ डेसिबल वाढवले. आवाजात काडीचाही फरक पडला नाही, मात्र मोठ्या प्रसंगांत सबवूफर धापा टाकू लागला. ९ डेसिबल म्हणजे जवळपास आठपट शक्ती, हे आपण सांगितलेत तेव्हा मी आधी तो आकडा खाली आणला आणि मगच पुढचे ऐकले.

आपण मला खोलीची लांबी विचारलीत. पाच मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर ज्या लहरीची अर्धी लांबी या खोलीत बरोबर मावते, ती ३४ हर्ट्झची निघते. तिचा दाब दोन्ही टोकांच्या भिंतींशी सर्वांत जास्त आणि मधोमध जवळजवळ शून्य असतो. तिच्या दुप्पट वारंवारतेच्या लहरीचा दाब मात्र मध्यावर जोरदार असतो. माझा सोफा लांबीच्या अगदी मध्यावर होता. जिथे लहर स्वतःलाच रद्द करते, तिथे कितीही आवाज ओतला तरी रद्द होणाराही तितकाच वाढतो, त्यामुळे फिल्टरने ती जागा भरत नाही. फुगवटा मात्र फिल्टरने खाली आणता येतो आणि त्याबरोबर मागे रेंगाळणारी घुमारीही कमी होते. ‘सोफा साठ सेंटिमीटर मागे घ्या आणि मग मोजा,’ हे आपले वाक्य माझ्या वहीत तसेच लिहिलेले आहे. फर्निचर हलवून आवाज सुधारतो, यावर माझा त्या संध्याकाळपर्यंत विश्वास नव्हता.

बाकीच्या सूचना लहान होत्या, पण त्या कोणत्याही पुस्तिकेपेक्षा नेमक्या निघाल्या: मायक्रोफोन उशीवर न ठेवता स्टँडवर, कानाच्या उंचीला ठेवणे, पंखा बंद करणे, पहिले मोजमाप मुख्य जागेवरच घेणे, कारण माझ्या रिसिव्हरमध्ये अंतर आणि पातळी तिथूनच ठरते, सबवूफरवरचे स्वतःचे फिल्टरचे बटण पूर्ण वर नेणे, म्हणजे दोनदा गाळणी लागत नाही, आणि रिसिव्हरने समोरचे स्पीकर ‘लार्ज’ (खालचे सूरही स्वतःच वाजवणारे) ठरवले असतील, तर ते ‘स्मॉल’ करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवणे.

सगळे जुळल्यावर घरात पहिली प्रतिक्रिया उमटली ती ‘बास कमी झाला का?’ अशी. मलाही क्षणभर तसेच वाटले आणि हात बटणाकडे गेला. आपण आधीच बजावले होते, की घुमणाऱ्या बासची सवय झालेल्या कानांना आठ दिवस द्यावेत. दिले. तिसऱ्या की चौथ्या रात्री एका दृश्यात दूरवरची गडगड आली आणि तिच्यावर हलक्या आवाजातला संवाद प्रत्येक शब्दासह स्पष्ट ऐकू आला. पूर्वी अशा ठिकाणी रिमोट हातात घेऊनच बसावे लागे.

नवे स्वीप या पत्रासोबत आपल्याला पाठवत आहे. ३४ हर्ट्झजवळ अजून थोडा उतार आहे. आपण सांगितल्याप्रमाणे मी त्याला हात लावलेला नाही.

आपला ऋणी,
टेप कपाटात ठेवून दिलेला एक श्रोता