एक्सरसाईज सायन्स झाल्यावर पुढे काय? लेकाला पत्र

प्रिय गौरव,

परवा फोनवर म्हणालास की शेवटचं सेमिस्टर चालू झालंय आणि वर्गातल्या निम्म्या पोरांना आयपीएलच्या टीमचा स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच, म्हणजे खेळाडूंची ताकद आणि दम वाढवणाराच व्हायचंय, तुला पण. मी तेव्हा राऊंडला होते म्हणून हो हो म्हणून ठेवला फोन. आज नाईट आहे आणि वॉर्ड शांत आहे, तर लिहितेय. मोठं होणारे, मेसमध्ये जेवताना वाचू नको.

आधी आयपीएलचंच. टीम दहा, आणि एकेका टीमला अशी माणसं लागतात किती? स्वप्न सोड म्हणत नाही मी, पण घरभाडं त्याच्या भरवशावर नको. त्या लाईनला जायचंच असेल तर सीएससीएसची परीक्षा दे, अशा कोचसाठीचीच आहे, अमेरिकेच्या एनएससीए नावाच्या संस्थेची असते ती, एक भाग सायन्सचा आणि एक प्रॅक्टिकलचा, २०३० पासून ते डिग्रीचा नियम कडक करणार आहेत म्हणून लांबवू नको. सीपीआरचं, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबायचं, सर्टिफिकेट पण लागतं, मी तुला उशीवर शिकवलेलं चालत नाही तिथे, रीतसर कोर्स कर. आणि खेळातच राहायचं तर क्रिकेटच्या बाहेर पण बघ ना जरा. साई, म्हणजे सरकारचं क्रीडा प्राधिकरण, कॉन्ट्रॅक्टवर फिजिऑलॉजिस्ट, शरीराची मापं घेणारे अँथ्रोपोमेट्रिस्ट, हालचालींचा अभ्यास करणारे बायोमेकॅनिक्सवाले घेते. तुला स्किनफोल्ड, म्हणजे कातडीची घडी चिमटीत धरून चरबी, मोजायला आवडतं म्हणालास ना, मग अशा मापांचाच कोर्स, आयसॅकची लेव्हल वन करून टाक. आपल्याकडच्या तालमी तर विसरूच नको. पॅरिस ऑलिम्पिकला २०२४ मध्ये कुस्तीत विनेश फोगाट १०० ग्रॅम जास्त भरली म्हणून बाहेर गेली तेव्हा सगळा देश हळहळला, पण इथे सांगली कोल्हापूरला पोरं वजन उतरवायला पाणी तोडतात, घाम काढत पळत बसतात, आणि त्यांना शास्त्र सांगणारं कोणी नसतं. वस्तादांशी नीट बोलता आलं पाहिजे मात्र, गेल्या गेल्या प्रोटीनचा हिशोब सांगायला लागलास तर हाकलून देतील.

काका विचारत होता, जिम ट्रेनरच व्हायचं होतं तर डिग्री कशाला. अर्धं बरोबर आहे त्याचं. फ्लोअर ट्रेनरचा पगार कमी, सगळी मदार पर्सनल ट्रेनिंगच्या कमिशनवर, पहाटे पाचला हजर, दुपारी रिकामा, संध्याकाळी परत, आणि वरून पावडरचे डबे खपवायचं टार्गेट. पहिलं एक वर्ष केलंस तरी माझी ना नाही, वेगवेगळ्या अंगाची माणसं हाताखालून जातात. पण डबे विकू नको.

बाबांचं म्हणणं बीपीएड कर, शाळेत चिकट. दोन वर्षं जातील आणि शिक्षक भरतीची वाट बघत बसशील ते वेगळंच. कॉलेजला शिकवायचं तर मास्टर्स आणि नेट नाहीतर सेट. तुला शिकवायची आवड असेल तर बोलू, मला तरी दिसली नाही.

आता माझं खरं म्हणणं सांगते. माझ्याकडे बायपास झालेला माणूस आठवड्याभरात घरी जातो. डिस्चार्जच्या कागदावर औषधं अगदी तपशीलवार असतात, सकाळी किती रात्री किती, आणि व्यायामाच्या जागी लिहिलेलं असतं, चाला. किती चाला, किती जोरात, कधी थांबा, छातीचं हाड जुळेपर्यंत काय उचलायचं नाही, वजनं कधी चालू करायची, हे दोन मिनिटांत तोंडी सांगून पेशंट गाडीत बसतो. मग एकजण भीतीने सहा महिने कॉटवर पडून राहतो आणि दुसरा महिन्याभरात गव्हाचं पोतं उचलायला जातो. मोठ्या शहरांत कार्डियाक रिहॅब, म्हणजे हृदयाच्या पेशंटला देखरेखीखाली व्यायाम करवणारी सेंटर आहेत काही, पण आपल्या मिरजेच्या पेशंटने तिकडे किती खेपा घालायच्या?

आणि इथे तू शिकलास तेच लागतं. बीटा ब्लॉकर हे हृदयाचं औषध चालू असलेल्या माणसाची नाडी वाढतच नाही नीट, तिथे २२० वजा वय करून नाडीचं टार्गेट काढणारा ट्रेनर धोक्याचा. तिथे किती दमल्यासारखं वाटतंय ते बोर्गच्या सहा ते वीसच्या स्केलवर विचारायचं, चालताना बोलता येतंय का बघायचं, आधी सहा मिनिटांत किती अंतर चालतो ती वॉक टेस्ट घ्यायची. इन्सुलिनवाल्याची शुगर व्यायामानंतर काही तासांनी पण उतरते, पाय बधिर झालेल्याला बूट काढून तळवे बघायला सांगायचं. आयसीएमआरचा २०२३ ला आलेला आकडा आहे, देशात दहा कोटींच्या वर डायबेटिसवाले. त्यांना 'चाला' एवढंच सांगून भागणार आहे का? बाबांना वाटतं हे सगळं अमेरिकेचं फॅड. अरे लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं, आसनं प्राणायाम करताना शरीरात काय होतं ते एक्स-रे काढून, प्रेशर मोजून तपासत होते ते.

एक मात्र कान उघडे ठेवून ऐक. तू फिजिओथेरपिस्ट नाहीस. त्यांची बीपीटी ही डिग्री वेगळी, २०२१ पासून त्यांच्यासाठी कायदा आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मान लचकलीय, पाठीतून कळ येतेय, हे त्यांच्याकडे पाठवायचं, मोह झाला तरी. त्यांनी मोकळं केल्यावर पुढची वीस वर्षं तो माणूस हलता कसा ठेवायचा हे तुझं काम. ऑस्ट्रेलियात म्हणे एक्सरसाईज फिजिऑलॉजिस्ट अशी मान्यताच आहे, जुनाट आजारवाल्याला फॅमिली डॉक्टर त्याच्याकडे पाठवतो आणि वर्षाला अशा पाच भेटींचे काही पैसे मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य योजना देते. आपल्याकडे असली पोस्ट अजून नाही, जाहिरात निघायची वाट बघितलीस तर म्हातारा होशील. डॉक्टरांना पटवून स्वतःच उभं करावं लागेल, सुरुवातीला पैसे कमी, हे पण लपवत नाही. अमेरिकेच्या एसीएसएम या संस्थेचं, पेशंटला व्यायाम देणाऱ्यांसाठीचं क्लिनिकलचं सर्टिफिकेट आहे, त्याला बॅचलर्सवाल्याकडून १२०० तास क्लिनिकल काम मागतात. म्हणून मास्टर्सला कॉलेज निवडताना चकाचक लॅबचे फोटो बघू नको, हॉस्पिटलमध्ये पोस्टिंग आहे का, पेशंटला हात लावू देतात का ते सीनियर पोरांना विचार.

आमच्या कार्डिओलॉजीच्या मॅडमशी मी बोललेय. त्या म्हणाल्या परीक्षा झाल्यावर पाठवा, ओपीडीत बसू दे, वॉक टेस्ट घ्यायला माणूस हवाच आहे. पैसे देणार नाहीत, जेवण कँटीनमध्ये. येताना केस कापून ये आणि सीव्हीवरचा तो बायसेप्सचा फोटो काढ.

सीपीआर कोर्सची फी किती आहे ते कळव, उद्याच टाकते. बाबांना अजून काही बोलू नको, त्यांचं मी बघते.

तुझी,
आई