प्राचीन कसलं, शंभर वर्षांचं देऊळ!

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला हाँगकाँगवरचा लेख वाचला. फोटो मस्त आहेत पण वोंग ताय सिनच्या देवळाला सरळ "प्राचीन मंदिर" म्हणून टाकलंय ते काही पटलं नाही. नोकरीपायी चार वर्षं तिकडे काढली आणि देवळात बऱ्याचदा जायचो म्हणून लिहितोय.

देवाची गोष्ट जुनी आहे, मान्य. चौथ्या शतकातलं धनगराचं पोर, दगडांच्या मेंढ्या करणारं. पण देऊळ १९२१ चं हो! त्याआधी १९१५ ला ल्योंग यान-आम नावाचे गृहस्थ मुलाला घेऊन चीनमधल्या ग्वांगडोंगहून हाँगकाँगला आले, सोबत देवाची तसबीर, आणि वान चायमध्ये त्यांनी झाडपाल्याच्या औषधांचं दुकान टाकलं, त्यातच देव मांडला. लोक आधी देवाला कौल लावणार आणि निघेल ते औषध तिथंच घेणार, म्हणजे डॉक्टर देव आणि केमिस्ट भक्त (हसू नका, गरिबाला तेच परवडायचं). कोलूनमधली आत्ताची जागा तर प्लँचेटसारखं काहीतरी करून देवालाच विचारून ठरवली म्हणतात. १९२४ ला फुकट औषधांचा दवाखाना निघाला तो वेगळाच.

लेखात या औषधांचा अवाक्षरानं उल्लेख नाही आणि माझी तक्रार खरं तर तीच आहे. देऊळ वाढलं ते त्याच्यावर आणि चीनमधून पळून आलेल्या निर्वासितांवर. १९५६ पर्यंत ते खासगीच होतं, चिनी नवीन वर्षाच्या पहिल्या महिन्यात तेवढं उघडायचं. सरकारला घरं बांधायला ती जागा हवी होती, मग तोडगा निघाला की दारात माणशी दहा सेंट घ्यायचे आणि ते तुंग वा या धर्मादाय हॉस्पिटलांना द्यायचे, आणि १९५६ ला देऊळ सगळ्यांना खुलं झालं. आत्ताचा मोठा लाल खांबांचा गाभारा १९७३ चा, आणि १९७९ ला मेट्रो आली तेव्हा स्टेशनलाही देवाचंच नाव.

कौल अजून चालतो. शंभर काड्यांचा बांबूचा डबा, गुडघ्यावर बसून एक काडी बाहेर पडेपर्यंत खुळखुळवायचा. माझ्या शेजारी एकदा एक आजीबाई होत्या, दोन काड्या एकदम पडल्या तर वैतागून दोन्ही परत आत कोंबल्या आणि पहिल्यापासून सुरू.

– एक जुना वाचक, डोंबिवली