रंध्याची धार

संपादक महोदय,
हल्ली फर्निचर म्हटलं की प्लायवूड आणि मशीनच, पण हाताच्या हत्यारांची मजा वेगळीच आहे हो. माझ्याकडे आजोबांचा शिसवी रंधा आहे, हात लागून लागून काळाभोर गुळगुळीत झालेला. पात्याला 25 अंशात धार लावायची, मग नुसत्या टोकाला 30 अंशात दगडावर चार हात, मनगटावरचे केस सहज निघाले की समजायचं जमलं. सागाच्या फळीवरून तो सर्रकन जातो आणि कागदासारखी पातळ सलग शेव निघते ना, तो आवाज आणि तो वास, पॉलिश पेपर लावायची इच्छाच होत नाही! जुन्या सुतारांकडून धार लावायची पद्धत नीट विचारून रविवारच्या पुरवणीत छापा ना.

— एक वाचक, सावंतवाडी