मेलेल्या माकडाची खबर

बांदा,
शिमग्यानंतरचा आठवडा

प्रिय अव्या,

तुझा मेसेज वाचला. नुसता अंगठा पाठवून मोकळा होणार होतो, पण तू विचारलंयस ते फोनवर टंकत बसलो तर रात्र होईल. म्हणून कागद घेतला. दुपारी औषधाचं दुकान बंद असतं, तेवढ्या वेळात लिहितोय. कोणाला गोळी हवीच असेल तर शटर वाजवेल.

तुमची कंपनी गावांसाठी अॅप करतेय, साथ, पूर, वादळ यांचे इशारे एकाच ठिकाणी मिळणार, आणि तुला हवंय ते हे, की इशारा मिळाल्यावर आपल्याकडची माणसं काय करतात. मला विचारशील तर तू प्रश्न उलट्या टोकाने धरलायस. इशाऱ्यांचा तुटवडा आम्हाला कधीच नव्हता. आता तर मोबाइल खिशातल्या खिशात किंचाळतो, मेसेज मराठीत येतो, वीज पडणार असेल तर दामिनी अॅप सांगतं. वरून खाली सगळं येतं. खालून वर काही जायचं असेल तर मात्र कोणाला सांगायचं तेच कळत नाही. माकडतापाचं उदाहरण देतो, म्हणजे माझं म्हणणं लक्षात येईल.

१९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली, पाठोपाठ आसपासच्या गावांत माणसं तापाने पडली. तुझ्या पुण्यातली विषाणू संस्था, तेव्हा तिचं नाव व्हायरस रिसर्च सेंटर होतं, तिथले शास्त्रज्ञ धावत गेले. आधी शंका पीतज्वराची आली, कारण त्यातही माकडं मरतात. निघाला वेगळाच विषाणू, गोचिडीतून पसरणारा. तोच हा माकडताप. पुढची पन्नासेक वर्षं तो बहुतेक कर्नाटकातल्या त्याच पट्ट्यात राहिला. मग कर्नाटकाच्याच दुसऱ्या टोकाचं बंदीपूर, केरळातलं वायनाड, २०१५ ला गोव्यातली सत्तरी, आणि २०१६ च्या जानेवारीत आपला सिंधुदुर्गातला दोडामार्ग. नकाशा बघ, सत्तरी आणि दोडामार्ग एकमेकांना चिकटून आहेत. बांद्याच्या चेकनाक्यावर गोव्याची बाटली पकडतात, गोचीड कोण पकडणार?

आता यातली गंमत बघ. गंमत म्हणू नये खरं तर, माणसं गेलीत यात. हा ताप येतो डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजीच्या, काजूच्या हंगामात. जंगलातलं माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि तिथल्या पातेऱ्यात, म्हणजे सुक्या पालापाचोळ्यात, पसरतात. त्याच पातेऱ्यात वाकून आमची माणसं काजी वेचतात. शेत भाजायला, भाजावळीसाठी, तोच पातेरा भारा बांधून डोक्यावरून आणतात. चावणारी गोचीड इतकी बारीक, की चावल्याचंही कळत नाही. तीन ते आठ दिवसांनी एकदम सणकून ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंग मोडून येणं. काहींना रक्तस्राव होतो, काहींचा ताप उतरून पुन्हा उलटतो आणि डोक्यात जातो. शंभरातले तीन ते पाच दगावतात. नेमकं औषध नाही. माणसाकडून माणसाला होत नाही, एवढंच काय ते बरं.

म्हणजे इथे पहिला इशारा देतं ते माकड. ते आधी मरतं. उपग्रह नाही, सेन्सर नाही, माकड. आणि हा इशारा सगळ्यात आधी कोणाच्या नजरेस पडतो? पहाटे बागेत गेलेल्या बाईच्या.

पण सुरुवातीला कोणी सांगतच नव्हतं. का सांगतील? माकडं आपल्याकडे किती नुकसान करतात तुला ठाऊक आहे. कोवळे नारळ पाडतात, काजीचे बोंडू चावून टाकतात, केळीची वाट लावतात. आमच्या शेजारचे काका मला स्वच्छ म्हणाले होते, "माकाड मेला तर बरा झाला, यंदा काजी तरी हाताक लागतली." दुसऱ्या बाजूला वानर मेलं तर मारुतीचं म्हणून हळद-फूल वाहून पुरणारीही माणसं आहेत. म्हणजे एक तर बघून पुढे जायचं, नाही तर हातांनी उचलायचं. दोन्ही वाईटच. त्यात वनखात्याची भीती निराळी. आपल्या बागेत वानर मेलेलं सापडलं हे सांगायला गेलो आणि तूच मारलंस म्हणून केस घातली तर? ही भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. हापूसवाला असो की काजीवाला, साहेब दारात नको हे आपलं जुनं धोरण.

मग बदललं कसं? पोस्टर लागली, रिक्षावर भोंगे फिरले, शाळांतून मुलांना सांगितलं. त्याने नाव सगळ्यांच्या तोंडी आलं, यात वाद नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर फरक पडला तो आशाताईंमुळे, म्हणजे गावागावांतल्या आरोग्यसेविकांमुळे. एका वाडीतून खबर आली, त्या ताईंनी आरोग्य केंद्रात फोन लावला, दुपारपर्यंत माणसं येऊन मेलेल्या माकडाच्या चहूबाजूंनी पन्नास मीटरपर्यंत मॅलाथिऑनची पावडर मारून गेली. मालकाला कोणी दरडावलं नाही. कुठल्या बाजूला काही दिवस जाऊ नका एवढं सांगितलं. संध्याकाळी ती गोष्ट तिठ्यावर चहाबरोबर सगळ्यांनी ऐकली. त्यानंतर त्या भागातून फोन यायला लागले. उलटही झालं बरं का. दुसऱ्या एका गावात खबर दिली, कोणी आलंच नाही, माकड कुजून वास सुटला. तिथून पुढे कोणी फोन केला नाही. करणार कशाला?

हे मी तुला इतकं सविस्तर लिहितोय कारण तुमच्या अॅपमध्ये याला जागा दिसत नाही. तू पाठवलेल्या चित्रांत घंटा आहे, लाल-पिवळा रंग आहे, नकाशा आहे. "मला काही दिसलं" असं सांगायचं बटण कुठे आहे?

दुसरी गोष्ट, सल्ल्याची. सल्ला पोटाच्या आड आला की तो कोणी पाळत नाही. "जंगलात जाऊ नका" हे सांगणं सोपं आहे. काजीची बी वर्षातून दोन-तीन महिने, त्यावर पोराची फी, घराचं कौल, सावकाराचं व्याज. तो जाणारच. त्यापेक्षा अंगाला गोचीड दूर ठेवणारं तेल लाव, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल, घरी आल्यावर आधी कपडे उकळत्या पाण्यात टाक आणि गरम पाण्याने आंघोळ कर, हे सांगितलं की निदान अर्धं तरी होतं. तेलाचा वास येतो म्हणून कुरकुर असते, पण लावतात. माझ्या दुकानात मार्चमध्ये कोणी तापाची गोळी मागायला आला की मी आधी विचारतो, "काजीत गेलेलास?" हो म्हणाला तर ब्रुफेनसारखी गोळी देत नाही, रक्तस्रावाची भीती असते. पॅरासिटामॉल देतो आणि रक्त तपासायला पिटाळतो. शिव्या खातो. "दोन गोळयेक इलंय, तू माका हॉस्पिटलात धाडतस!"

लशीची कथा आणखी वेगळी. लस होती. एक महिन्याच्या अंतराने दोन डोस, मग सहा ते नऊ महिन्यांत बूस्टर, मग पुन्हा दरवर्षी. टोचल्यावर दंड ठणकायचा. पहिला डोस घेणारे बरेच, पुढचे घेणारे कमी, हे मी सांगायला नको. शेवटी तिचा परिणामच कमी पडतोय असं दिसलं आणि २०२२ मध्ये ती बंद झाली. नव्या लशीचं काम चालू आहे. ती येईपर्यंत आपली मदार तेलावर, पावडरीवर आणि मेलेल्या माकडाच्या खबरीवर.

लेप्टोचंही, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचंही, असंच. पावसात लावणीच्या वेळी उंदराच्या मुतातून तो जंतू शेतातल्या पाण्यात येतो आणि पायाच्या भेगांतून अंगात शिरतो. डॉक्सीसायक्लिनची २०० मिलिग्रॅमची मात्रा आठवड्यातून एकदा घेतली की बराच बचाव होतो. पण उपाशीपोटी घेतली की छातीत जळजळते, मग उरलेली पाकिटं देवळीत पडून राहतात. "जेवल्यावर, भरपूर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर लगेच आडवा होऊ नको" हे तीन शब्द जास्त बोलले की गोळी पोटात जाते. आणि गमबूट! ते सुचवणाऱ्याला एकदा आमच्या मळ्यात उतरवायला हवा. "पाय भायर येता नि बूट थयच ऱ्हवता", हे एका म्हातारीने शिबिरात सगळ्यांसमोर सांगितलं होतं. साहेब हसले. तिचं म्हणणं कोणी लिहून घेतलं नाही.

कोरोनाबद्दल फार लिहीत नाही, तूही त्या साली गणपतीला येऊन शाळेत विलगीकरणात दहा दिवस काढलेयस. चाकरमानी आणि गाव यांच्यात तेव्हा जी कटुता आली ती अजून कुठे कुठे जेवणाच्या पंगतीत डोकं वर काढते. पण एक लक्षात घे, बाहेरून येणाऱ्यांची व्यवस्था बघणाऱ्या ग्रामकृती दलात वाडीतली माणसं होती तिथे भांडणं झाली तरी मिटली. कोणाच्या घरी न्हाणीघर वेगळं आहे, कोणाची आई एकटी आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

वादळाचं बोलतोयस तर ३ जून २०२० आठव. निसर्ग वादळाचा अंदाज वेळेवर आला, किनाऱ्यावरची माणसं हलवली, त्यामुळे जीवितहानी कमी झाली. हवामान खात्याला त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण वादळ गेल्यावर काय? श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या बाजूला टॉवर आडवे, खांब आडवे, कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नाही. सुपारीच्या उभ्या बागा झोपल्या. नवी सुपारी लावून ती धरायला सात-आठ वर्षं जातात. त्या दिवसांत ज्याला बोलायचं होतं त्याच्याकडे फोन चार्ज करायची सोय नव्हती. तुमचं अॅप अशा दिवशी काय करेल हे मला खरंच ऐकायचंय.

चिपळूणकरांचं मात्र मला कौतुक वाटतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिवनदी बाजारपेठेत शिरल्या, दुकानांचे तळमजले पाण्यात गेले. २००५ चा पूर बघितलेली माणसं ती, भिंतींवर खुणा होत्याच. फरक एवढाच की या वेळी ती नुसती भरपाईच्या रांगेत थांबली नाहीत. कोयनेचं वीज निर्माण करून सोडलेलं पाणी कोळकेवाडीतून वाशिष्ठीत येतं, ते त्या रात्री किती आलं, नदीत गाळ किती साठलाय, पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणारी निळी आणि लाल पूररेषा कोणत्या आधारावर आखली, असे प्रश्न व्यापाऱ्यांनी, वकिलांनी, शिक्षकांनी विचारायला सुरुवात केली. डिसेंबरमध्ये साखळी उपोषणाला बसले. सरकारला अभ्यासगट नेमावा लागला, गाळ काढायची यंत्रं नदीत उतरली. सगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळाली असं नाही. कोयनेच्या पाण्यावर अजूनही दोन चिपळूणकरांत तीन मतं निघतील. पण माझा एक मित्र तिथे कापडाचं दुकान चालवतो, तो आता नदीच्या पातळीबद्दल इंजिनिअरसारखा बोलतो.

मालवणच्या बाजूला गेलास की हे चित्र पालटतं. तिथे खालून वर ओरड कधीच कमी पडली नाही. किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणवाले, छोट्या होडीतून जाळी लावणारे गिलनेटवाले कधीपासून सांगतायत की मोठ्या जाळ्याने अख्खा थवा वेढणारे पर्ससीनवाले किनारा खरवडून नेतात आणि रात्री एलईडीचा झोत टाकून आहे-नाही ती मासळी उचलतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले, नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने दिव्याच्या मासेमारीवर बंदी आणली, २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यात दंड वाढवला. कागद सगळे आहेत. तरी रात्री बंदरावर उभं राहिलं की क्षितिजावर गाव वसल्यासारखे दिवे दिसतात. ट्रॉलर, पर्ससीन, एलईडी, फिशफाइंडर, प्रत्येक नवं यंत्र आलं तेव्हा ज्याच्याकडे पैसा होता त्याच्याच होडीवर आधी चढलं. रापण ओढायला अख्खी वाडी लागते आणि वाटाही अख्ख्या वाडीला मिळतो. एलईडीच्या जनरेटरला एक मालक पुरतो. इथे इशारा पोचला नाही असं तुझ्या कंपनीला म्हणता येणार नाही. ऐकून घेतला, कागदावर उतरवला, आणि पहाऱ्याला बोट पाठवली नाही. यावर अॅप निघेल का रे?

असो. आता कामाचं. तू साहेबांना सांगू शकणार असशील तर एवढं कर. खबर द्यायचं बटण पहिल्या पानावर ठेव. फोटो काढला की रेंज नसली तरी तो फोनमध्येच थांबू दे आणि रेंज आली की आपोआप जाऊ दे. दोडामार्गातल्या तळकटच्या डोंगरात उभ्याने नेटवर्क येत नाही. खबर देणाऱ्याचं नाव वनखात्याला लगेच दिसू नये. आणि खबरीचं पुढे काय झालं, कोण येणार, कधी येणार, आलं नाही तर का नाही, हे त्याच माणसाला परत कळलं पाहिजे. आवाजात सांगायची सोय दे, वाचायला चष्मा लागणारी माणसंच बागेत जास्त जातात. आवाज देणारी बाई आपल्याकडची बघ. मागे एका सरकारी फोनमधली बाई "गोचीड" असं काही म्हणाली की आमच्या बायकांना ती बैलाच्या औषधाची जाहिरात वाटली.

मे महिन्यात येतोयस ना? तुझ्या टेस्टिंगवाल्या पोरांना घेऊन ये. त्यांना आपण काजीच्या बागेत नेऊ, तेल मी दुकानातून देतो. आईने तुझ्यासाठी ओल्या काजीचे गर सोलून ठेवलेयत, फ्रीजमध्ये आहेत, पण वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा फार उशीर करू नको. वहिनींना नमस्कार, पोरीला पापा.

शटर वाजतंय.

तुझा,
बाळू