घोड्याच्या सांध्याजवळची जखम त्याच दिवशी दाखवावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रंकाळा चौपाटीवर आणि पन्हाळ्यावर पर्यटकांना फिरवणारी तट्टे, लग्नाच्या वरातीतल्या घोड्या, गावोगावच्या घोडागाडी शर्यतींसाठी जिवापाड जपलेली जनावरे यांमुळे कोल्हापूर परिसरात घोडा आजही अनेक घरांचा पोशिंदा आहे. पशुसंवर्धन खात्यात दीर्घकाळ काम केलेला माणूस म्हणून या घोडेमालकांसाठी एका दुखण्याविषयी लिहितो आहे. सांध्यात झालेला जंतुसंसर्ग वेळीच ओळखला तर बहुधा बरा होतो. उशिरा ओळखला तर घोडा जन्माचा लंगडा होतो किंवा जातो. उशीर होतो तो मालकाच्या निष्काळजीपणामुळे क्वचितच. बहुतेक वेळा हा रोग सुरुवातीला फसवतो, म्हणून होतो.

पन्हाळ्यावर काम करणाऱ्या एका तट्टाचे उदाहरण देतो. मागच्या पायाच्या घोट्याच्या सांध्यावर करंगळीच्या नखाएवढी जखम होती आणि तिच्यातून पिवळसर, चिकट पाणी झिरपत होते. तट्टू फारसे लंगडत नव्हते. मालकाने जखमेत हळद भरली आणि मला विश्वासाने सांगितले, "पानी जातंय म्हंजे घाण निघालीया." ते पाणी म्हणजे सांध्यातले वंगण होते, आणि ते बाहेर येत होते याचा अर्थ जखमेचे तोंड थेट सांध्यात उघडलेले होते. वाट मोकळी असेपर्यंत आत दाब साठत नाही, त्यामुळे घोडा पाय टेकतो. खपली धरून वाट बंद झाली की पू आत कोंडतो, सांधा सुजून गरम होतो आणि जनावर पाय जमिनीला लावू देत नाही. या तट्टाचे नेमके तसेच झाले. मोठ्या घोड्याला अशा वेळी ताप असेलच असेही नाही, म्हणून ताप नाही एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

निदानासाठी पशुवैद्य सांध्याभोवतीचे केस काढून, त्वचा निर्जंतुक करून, जखमेपासून दूरच्या बाजूने सुईने सांध्यातला द्रव काढतात. निरोगी द्रव फिकट पिवळा आणि इतका नितळ असतो की सिरिंज छापील कागदावर धरली तर पलीकडची अक्षरे वाचता येतात. दोन बोटांत धरून ताणला तर पाकासारखी तार येते. संसर्ग झालेला द्रव गढूळ व पातळ होतो आणि त्याची तार तुटते. प्रयोगशाळेत त्यातील पांढऱ्या पेशी प्रति मायक्रोलिटर 30,000 च्या वर आणि प्रथिने 4 ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आढळली, तर संसर्गाविषयी फारशी शंका उरत नाही. जंतू मात्र तपासणीत वाढतीलच असे नाही, आणि त्या अहवालाची वाट पाहत उपचार थांबवणे योग्य नाही. जखम सांध्यात शिरली आहे की नाही हे पाहण्यासाठी त्याच सुईने निर्जंतुक सलाईन आत सोडतात. ते जखमेतून बाहेर आले की उत्तर मिळते.

प्रतिजैविकांची इंजेक्शने चालू आहेत, मग आणखी काय हवे, असे अनेकांना वाटते. सांध्यात जमलेला पू आणि फायब्रिनच्या (सुजेत साकळणाऱ्या प्रथिनाच्या) गाठी जंतूंना आडोसा देतात, आणि पांढऱ्या पेशींतून सुटणारी विकरे (एन्झाइम) सांध्याची कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, झिजवत राहतात. ही कूर्चा पूर्ववत भरून येत नाही. म्हणून भूल देऊन कित्येक लिटर निर्जंतुक सलाईनने सांधा आतून धुणे हा उपचाराचा गाभा आहे, आणि गरज पडल्यास तो पुन्हा करावा लागतो. त्याच्या जोडीला अमिकासिनसारखे प्रतिजैविक थेट सांध्यात देतात, किंवा सांध्याच्या वर पट्टा आवळून पायाच्या शिरेतून देतात आणि पट्टा सुमारे अर्धा तास तसाच ठेवतात, म्हणजे औषध हव्या त्या जागी भरपूर पोहोचते. हे सारे जखम झाल्यापासून पहिल्या चोवीस तासांत सुरू झाले तर यशाची आशा चांगली असते.

तोपर्यंत मालकाने जखम स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनने धुऊन स्वच्छ पट्टी बांधावी, घोडा चालवू नये आणि पशुवैद्यकीय मदतीच्या 1962 या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्याला फोन करावा. धनुर्वाताच्या लसीची आठवणही करून द्यावी. हळद, चुना, तेल किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेत घालू नये. सुजलेला सांधा डागण्याची प्रथा तर आता पूर्ण थांबलीच पाहिजे. तिने संसर्ग बरा होत नाही आणि मुक्या जनावराच्या यातना वाढतात. वेदनाशामक इंजेक्शन परस्पर टोचले की लंगडणे झाकले जाते आणि मोलाचे तास वाया जातात. तळव्यात खिळा घुसला असेल आणि पशुवैद्य लवकर येणार असतील, तर तो उपटू नये, कारण तो कुठवर गेला आहे हे क्ष-किरणात दिसते. काढावाच लागला, तर आधी मोबाईलवर त्याचा फोटो घ्यावा आणि जागा, दिशा व खोली लक्षात ठेवावी.

शिंगरांची गोष्ट याहून वेगळी आहे. त्यांना जखम नसतानाही नाळेतून किंवा आतड्यातून रक्तात गेलेले जंतू सांध्यात बसतात, आणि एकाच वेळी दोन-तीन सांधेही सुजू शकतात. शिंगरू लंगडले की "आईचा पाय पडला असेल" असे म्हटले जाते. माझी आग्रहाची विनंती आहे की, तपासून खात्री होईपर्यंत तो संसर्गच समजावा. शिंगरू साधारण तासाभरात उभे राहिले पाहिजे आणि दोन तासांत चीक प्यायला लागले पाहिजे. चिकातली रोगप्रतिकारक द्रव्ये पहिल्या काही तासांतच आतड्यातून नीट शोषली जातात आणि चोवीस तासांनंतर ती वाट बंद होते. नाळेला पातळ केलेले क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावणे हा स्वस्तातला उपाय आहे.

शिरवळचे पशुवैद्यक महाविद्यालय येथून दीडशे किलोमीटरहून दूर आहे आणि तीन पायांवर उभ्या असलेल्या घोड्याला टेम्पोतून तिथवर नेणे सोपे नाही. म्हणून पशुसंवर्धन खात्याने सांधा धुण्याचे साहित्य, पुरेसे निर्जंतुक सलाईन, अमिकासिन आणि सांध्यातील द्रवाची त्याच दिवशी तपासणी या गोष्टी कोल्हापुरातच चोवीस तास मिळतील अशी व्यवस्था करावी, आणि लग्नसराई व शर्यतींच्या हंगामापूर्वी घोडेमालक आणि नालबंदांसाठी पन्हाळा व कोल्हापूर येथे प्रत्यक्ष जनावरावर दाखवून देणारी शिबिरे घ्यावीत, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यकीय अधिकारी, कोल्हापूर