परात सापडली

पुणे, 11 जानेवारी

प्रिय मंगे,

तुझं दिवाळीतलं पत्र अजून फ्रीजवर चिकटवलेलं आहे. उत्तर राहिलं त्याला कारण आळस, दुसरं काही नाही. गुडघे बरे, बीपी गोळीवर. झालं.

आता मुद्द्याचं, आणि बसून वाच. परात सापडली.

कुठली म्हणून विचारू नकोस. आमची बिल्डिंग पाडायची ठरलीये, म्हणून माळा उपसत होते. आईच्या ट्रंकेमागे अण्णांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेली निघाली. मला वाटलं आमचीच. नातवाचं बोरन्हाण आहे, सूनबाई हलव्याचे दागिने मोबाईलवरून मागवणार म्हटल्यावर मी फुशारकीने बोलून बसले होते, 'हलवा घरी करीन.' म्हटलं, देवच पावला. चिंच लावून घासायला घेतली. काठाजवळचा हिरवा थर निघाला आणि आधी 'सौ.' दिसलं, मग ठिपक्याठिपक्यांनी 'सुमती', खाली '1958'. पलीकडे तो पोचा. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, वाड्यात पाणी शिरलं आणि ही परात गाळातून उपसून काढली, हे सुमतीमावशी दर संक्रांतीला सांगायच्या आणि पुढचं वाक्य आपण दोघी त्यांच्या आधी म्हणायचो.

चिंचेचे हात तसेच घेऊन मी मोरीत बसून राहिले.

अगं, 1986 ला ताईच्या पहिल्या संक्रांतीला मीच ती मागून आणली होती. द्यायची राहिली. मग मावशी गेल्या, भांडी वाटली गेली, आणि तू सगळ्यांसमोर वहिनीला विचारलंस, 'आईची परात माहेरी पोचवलीस ना?' मी तिथेच उभी होते. नुसती उभी नव्हते, 'मी वहिनीकडेच पाहिली होती' असंही वर म्हणाले. तेव्हा मला खरंच तसं आठवत होतं गं. वहिनी एक अक्षर बोलली नाही. आत गेली आणि तिच्या वाटणीचे दोन डबे आणून तुझ्यापुढे ठेवले. ते डबे तू घेतलेस, मंगे.

आता मला शिव्या घालायच्या आधी माझ्या दहा नंबरच्या विणायच्या सुयांचा हिशोब दे. नाशकाला जाताना तुझ्याच पिशवीत गेल्या होत्या.

तर हलवा. आपल्या वेळी सोप्यात शेगडी, निखाऱ्यांवर राख पसरलेली, परातीत मूठभर तीळ. चमचाभर एकतारी पाक सोडायचा आणि तो सुकेपर्यंत बोटांच्या पेरांनी हळूहळू फिरवत राहायचं. घाई केली की मावशींचं उलथनं मनगटावर. तुझे नाना सिमला ऑफिसच्या वेधशाळेतून आले की चपला काढायच्या आधी पुण्याचं आजचं किमान तापमान सांगायचे आणि वर, '17 जानेवारी 1935 ला 1.7 होतं!' मावशी म्हणायच्या, 'तेव्हा त्या थंडीत हलव्याला काय काटे आले असतील!' त्यांना वेधशाळेचा उपयोग एवढाच.

मी आता गॅसवर तवा, तव्यावर परात, पंखा बंद, खिडकी उघडी असा थाट मांडलाय. पहिल्या दिवशी पाक जास्त पडला, सगळ्याचा गोळा. चिरंजीव म्हणाले, 'आई, चिक्की मस्त झालीये.' दुसऱ्या दिवशी नुसते गुळगुळीत मणी. काल रात्री साडेअकराला, सगळे झोपल्यावर, बोटाला काहीतरी टोचलं. चष्मा लावून पाहिलं तर काटे! एवढे एवढे. मी मोठ्यांदा 'मंगे' म्हणाले. हे घरात कुणाला सांगितलं असतं तर डॉक्टरकडे नेलं असतं.

आणि मग वाटलं, हात कुणाच्या परातीत आहेत.

वहिनी अजून तिथेच, एकटी असते. लक्ष्मी रोडला भेटते अधूनमधून, 'कशी आहेस' म्हणते, तुझं नाव काढत नाही. रविवारी परात घेऊन तिच्याकडे जाणार आहे. तुला आधी विचारायला हवं होतं, पण तू 'पाहू' म्हणशील आणि तुझं 'पाहू' मला माहितीये. त्याआधी तू तिला फोन करणार असशील तर कर, नाहीतर मी एकटीच बोलणी खाईन.

तुझ्या मोतीबिंदूचं झालं का? लेकाला नोकरी? यंदा निफाड गारठलं म्हणे, स्वेटर घाल.

तुझी,
शालू

ता. क. हलव्याची डबी कुरिअरने पाठवतेय. तळाशी दोन गुळगुळीत आहेत, ते तुझेच.